मदत हवी आहे: खिडकी बंदच होत नाही, पाऊस तोंडावर आलाय

सुदामानगर_इंदूर
बेडरूमची यूपीव्हीसीची (कडक प्लास्टिकची) खिडकी आहे. चार दिवसांपासून बंद होत नाही. परवा रात्री वादळी पाऊस आला तेव्हा आम्ही दोघं टॉवेल कोंबून पाणी अडवत बसलो होतो. ज्यांनी खिडक्या बसवल्या त्यांचा माणूस आला, पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाला पूर्ण पल्ला बदलावा लागेल, महिना लागेल. घरात अडीच वर्षांची मुलगी आहे आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, महिनाभर थांबणं शक्य नाही. घरच्या घरी दुरुस्त होईल का? कृपया लवकर सांगा.

पक्कड_पाना
ताई, खिडकी सरकवायची आहे की दारासारखी उघडणारी? बंद होत नाही म्हणजे मध्येच अडकते, की शेवटपर्यंत जाऊन कडी लागत नाही? दोन्हींचे इलाज वेगळे आहेत. किती वर्षं झाली बसवून?

जुना_वाडा
रामबागेत आमच्या घरी सगळ्या खिडक्या सागवानी आहेत. पावसाळ्यात फुगल्या की सुतार येऊन रंधा मारून जातो, बिजागरी गेली तर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. या प्लास्टिकच्या खिडक्यांचा एक तुकडा मोडला की बसवणाऱ्याची मिनतवारी करा. शिवाय माळव्याच्या उन्हात ते पिवळं पडतं. माझं ऐकाल तर लाकडी करून घ्या.

फॅब्रिकेटर_उज्जैन
काका, हलकं प्रोफाइल, म्हणजे फ्रेमची प्लास्टिकची पट्टी, पिवळं पडतं. चांगल्या प्रोफाइलमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड घातलेलं असतं ते उन्हासाठीच. कोपरे वितळवून जोडलेले असतात, आत गॅल्व्हनाइज्ड पट्टी असते. पल्ला सहसा मोडत नाही, मोडतात ते रोलर (पल्ल्याखालची चाकं), हँडल आणि लॉक. नुसतं पाहून पल्ला बदला म्हणणं मला पटत नाही.

सुदामानगर_इंदूर
सरकवायची आहे. सहा वर्षं झाली. हँडल फिरतं पण लॉक होत नाही. लाकडाचं नंतर बोला, प्लीज, आजही आभाळ भरून आलंय.

मेणबत्ती_उपाय
ट्रॅकला मेणबत्ती घासा. आमच्याकडे खिडकी जड झाली होती, पांढरी मेणबत्ती घासली आणि एका बोटाने सरकायला लागली. मेण नसेल तर खोबरेल तेल.

पक्कड_पाना
तेल अजिबात लावू नका. इंदूरच्या उन्हाळ्यातली धूळ तेलात बसते आणि आठ दिवसांत ट्रॅकमध्ये काळा लगदा होतो, रोलर त्यातच घासून मरतो. आधी ब्रशने आणि व्हॅक्यूमने ट्रॅक साफ करा, मग हवं तर सिलिकॉन स्प्रे, तोही थोडा. आणि डाग काढायला थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर फ्रेमला लावू नका, पृष्ठभाग विरघळतो.

सुदामानगर ताई, दोन गोष्टी बघून सांगा. खिडकी उघडी असताना हँडल फिरवा आणि पल्ल्याच्या कडेला बघा, लॉकचे आकडे (हुक) बाहेर येतात का? आणि बंद करताना पल्ला चौकटीला आधी वर टेकतो की खाली?

मुलाकडे_न्यूजर्सी
मुलाकडे अमेरिकेत असाच प्रकार झाला होता. तिथल्या खिडक्या वर-खाली सरकतात. पल्ला वर केला की धडकन खाली यायचा. कडेच्या खाचेत स्प्रिंगचा बॅलन्स असतो, तो तुटला होता. पल्ला आत झुकवून काढता येतो, पण त्याआधी दोन्ही बाजूंचे शू (पल्ला ज्यावर टेकतो ते खाचेतले सरकते तुकडे) लॉक झालेत हे बघायचं, नाहीतर स्प्रिंगच्या ताणाने शू झपकन वर उडतो. मुलाचं बोट थोडक्यात वाचलं. दोन्ही बाजूंचे बॅलन्स एकदम बदलले, पल्ल्याच्या वजनाप्रमाणे घ्यावे लागतात.

सुदामानगर_इंदूर
काका, आमची आडवी सरकते, वर-खाली नाही.
आकडे बाहेर येतात, दोन्ही. पल्ला वर टेकतो, खाली बोटभर फट राहते. सरकवताना करकर आवाज येतो. हे आधी सांगायला हवं होतं का?

पक्कड_पाना
हो, आणि यातच उत्तर आहे. आकडे बाहेर येतात म्हणजे हँडलचा गिअर शाबूत आहे. हँडल बदलायच्या भानगडीत पडू नका. वर टेकतो आणि खाली फट, म्हणजे हँडलच्या बाजूचा रोलर खाली बसलाय. तो कोपरा खचला की पल्ला तिरपा होतो, वरचं टोक पुढे येतं आणि आकडे चौकटीच्या खाचेसमोर येतच नाहीत.

पल्ल्याच्या कडेला, अगदी खाली, एक छोटं भोक असेल, कदाचित वर प्लॅस्टिकची टोपी. आत स्क्रू असतो, पेचकस नाहीतर अ‍ॅलन की लागेल. एकाने पल्ला थोडा उचलून धरायचा, दुसऱ्याने स्क्रू फिरवायचा. भार असताना फिरवलात तर आटे जातात. पल्ला वर आला तर काम झालं. स्क्रू नुसता फिरत राहिला तर रोलर तुटलाय, पल्ला काढावा लागेल.

फॅब्रिकेटर_उज्जैन
निदान बरोबर, पण तिसरा मजला आहे, पल्ला काढायला मिस्त्रीच बोलवा. काच ५ मिमीची असेल तर चौरस मीटरला साडेबारा किलो भरते, त्यावर फ्रेम आणि आतली पट्टी. चार बाय दोन फुटांचा पल्लासुद्धा १५ किलोच्या आसपास जातो.

पक्कड_पाना
१५ किलो दोन माणसांना जड नाही. पल्ला आत घ्यायचा असतो, बाहेर झुकायचं नाहीच.

फॅब्रिकेटर_उज्जैन
तुम्हाला सवय आहे, त्यांना नाही. बाहेरच्या ट्रॅकचा पल्ला असेल तर आधी आतला काढावा लागतो. वरच्या ट्रॅकमध्ये पल्ला उचलू न देणारे ठोकळे असतात, ते स्क्रू काढल्याशिवाय पल्ला वर जात नाही आणि लोक ताकद लावतात. हे लिहिलंत का तुम्ही?

पक्कड_पाना
नाही लिहिलं, माझी चूक. ताई, आधी जाळीचा पल्ला काढा, मग ठोकळे. नंतर पल्ला सरळ वर उचलून खालची बाजू आत ओढा. मुलीला दुसऱ्या खोलीत ठेवा आणि खाली रस्त्यावर कुणी उभं नाही ना ते बघा.

बडोदेकर_वहिनी
खिडकी काढलीच आहे तर खालच्या ट्रॅकमधली पाणी निघायची भोकं तारेने मोकळी करा. आमच्याकडे दांडिया बाजारच्या घरात पाणी आत यायचं ते बंद न झालेल्या खिडकीमुळे नाही, भोकं मातीने बुजली होती म्हणून.

सुदामानगर_इंदूर
झालं! सविस्तर लिहिते, कुणाला तरी उपयोग होईल.

स्क्रू नुसता फिरत होता. हे आणि शेजारचे दादा दोघांनी पल्ला आत घेतला. आतल्या ट्रॅकचाच होता. रोलरचं नायलॉनचं चाक दुभंगलं होतं, धुरीला केस आणि धूळ गुंडाळलेली. दुसरा रोलरही झिजलेला. जुना रोलर घेऊन हे सियागंजला गेले. पहिल्या दोन दुकानांत म्हणाले असा येत नाही. तिसऱ्याने कॅलिपरने चाकाचा व्यास, पेटीची रुंदी आणि स्क्रूच्या भोकांमधलं अंतर मोजलं आणि जोडी काढून दिली. नुसता फोटो दाखवून काम झालं नसतं. भोकंही बुजलेलीच होती वहिनी, एका बाजूची पूर्ण.

खिडकी आता नीट सरकते, फट गेली. फक्त लॉक करताना पल्ला जरा दाबावा लागतो.

पक्कड_पाना
चौकटीवर जिथे आकडा शिरतो त्या पट्टीचे स्क्रू ढिले करा. बहुतेक पट्ट्यांना लांबट भोकं असतात, एक-दोन मिलिमीटर सरकवून परत आवळा. त्याआधी रोलरचा स्क्रू पाव फेरी फिरवून बघा, कदाचित पट्टीला हात लावावाच लागणार नाही.

सुदामानगर_इंदूर
पाव फेरीतच झालं. लॉक टक्कन लागलं. पक्कड_पाना, तुमचे फार उपकार झाले. फॅब्रिकेटर दादा, ठोकळे खरंच होते, दोन्ही टोकांना.

जुना_वाडा
बहिणीच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराची खिडकी अशीच करकरते, पण ती ॲल्युमिनियमची आहे. तिला हेच रोलर चालतील का?

फॅब्रिकेटर_उज्जैन
काका, आधी रोलर काढून मापं टाका. आणि खिडकी दोन ट्रॅकची आहे की तीन?