मदत हवी आहे: यीस्टने आंबवलेल्या कोलावर तेलाचा तवंग, तळाशी कडवटपणा

प्रमाण असं: 2 लिटर पाणी, 200 ग्रॅम साखर (त्यातली 50 ग्रॅम रंगासाठी करपवलेली), कोला नटची (कोलाच्या झाडाच्या कडवट बियांची) पूड 5 ग्रॅम, लिंबू-संत्र्याची साल, दालचिनी, जायफळ, धणे, व्हॅनिला, शॅम्पेन यीस्ट (वाइन आंबवायला वापरतात ते) चिमूटभर. 25 अंशांना प्लास्टिकच्या बाटलीत दीड दिवस. बाटली दाबली जाईनाशी झाली की लगेच फ्रिजमध्ये, नाहीतर यीस्ट साखर खात राहतं आणि बाटली फुटते. फेस झकास येतो. पण पहिल्या घोटाला सालीचं तेल जिभेवर चरचरतं, शेवटच्याला नुसता कडूपणा! सालीचा पांढरा भाग काढलेला असतो, म्हणून संशय पुडीवर. ती फडक्यातून गाळली तर पुरेल? आणि तेल पाकात मिसळून राहण्यासाठी अरबी डिंक आधी पाण्यात भिजवून घोटायचा तर किती घ्यावा?