आतून थर्माकोल लावण्याआधी
ताई, इंग्लंडमधल्या लीड्सच्या तुमच्या व्हिक्टोरियन (राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या) घराला ऊब टिकावी म्हणून आतून थर्माकोलचे बोर्ड चिकटवायचं म्हणताय, पण जरा थांबा. बाहेरून विटेची आखूड आणि लांब बाजू आलटूनपालटून दिसत असेल, तर ती ९ इंची भरीव भिंत आहे, मध्ये पोकळी नाही. अशी भिंत पावसाचं पाणी पिते आणि वाळतेही. घरातली वाफ फटींतून बोर्डामागच्या गार विटेवर पोचली की तिथे पाणी धरतं. भिंतीत रुतलेली तुळयांची टोकं कुजतात. आम्ही आधी गळकी पन्हळ दुरुस्त केली, मग थर्माकोलऐवजी ओल शोषून पुन्हा सोडणारे लाकडी तंतूंचे ६० मिमी बोर्ड लावून वर चुन्याचा गिलावा केला. खिडकीच्या आतल्या कडांना पातळ बोर्ड लावायचा राहिला आणि पहिल्याच हिवाळ्यात नेमकी तिथेच काळी बुरशी धरली. त्या कडा अजिबात सोडू नका.