आपल्यामागे आपल्या मुलांनी राहायचं कुठे? गावाबाहेरचं केंद्र की सोसायटीतला फ्लॅट?

पाथर्डीफाटा_ताई

आमच्या नाशिकच्या पालकांच्या ग्रुपमध्ये सध्या शहराबाहेर त्र्यंबक रोडला जमीन घेऊन मोठं निवासी केंद्र बांधायचं चाललंय, बौद्धिक दिव्यांग, ऑटिझम असलेल्या पन्नासेक जणांसाठी. मुलं म्हणतो आपण, पण सगळी तिशी-चाळिशीतली आहेत. माझा याला विरोध आहे आणि तो इथे स्पष्ट मांडते.

माझ्या भावाला डाऊन सिंड्रोम आहे, वय 38. आमच्या बिल्डिंगमध्ये रोज सकाळी पार्किंगचे लाइट तोच बंद करतो, मग दूधवाल्याच्या क्रेटमधून तिसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या दोन पिशव्या वर नेऊन देतो, आणि एखाद्या दिवशी दिसला नाही तर चार लोक विचारतात की आज कुठे गेला. हे त्याने इतक्या वर्षांत कमावलंय. शहराबाहेर कंपाउंडच्या आत नेऊन ठेवला की हे सगळं गेलं.

माझं म्हणणं, साध्या सोसायटीत थ्री बीएचके भाड्याने घ्या, चौघं एकत्र राहतील, सोबत मदतनीस. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम 5 आहे, समाजात राहण्याचा हक्क, अमुकच ठिकाणी राहा अशी सक्ती होऊ नये हे सरकारने बघायचं. केंद्र बांधायच्या आधी हे करून तरी बघू.

गोदाकाठची_आई

ताई, तुमचा भाऊ दूध पोचवतो. माझा मुलगा 27 चा आहे, बोलत नाही, आणि त्रास व्हायला लागला की भिंतीवर डोकं आपटतो. शेजाऱ्यांच्या तक्रारींपायी आम्ही भाड्याची घरं बदलत आलोय. समाजात राहा म्हणजे नक्की कोणाच्या समाजात? मला केंद्रच हवंय. मोठं अंगण, रात्री जागा असणारा माणूस, नर्स, आणि कोणी दार वाजवून "आवाज कमी करा" म्हणणार नाही अशी जागा. कायद्यात सक्ती नाही ना, मग फ्लॅटचीही नको.

सातपूरकर

मी एमआयडीसीत कामाला आहे, मुलगी 22 ची. ताई हिशोब मांडा ना जरा. तिकडे थ्री बीएचकेचं भाडं 20 हजार धरा, दिवस-रात्रीचे दोन मदतनीस 30 हजारांच्या खाली मिळणार नाहीत, वर किराणा, लाइट, औषधं, स्वयंपाकाची बाई. 80 हजारांच्या घरात जातंय म्हणजे माणशी 20. माझा पगारच तेवढा. ही व्यवस्था गंगापूर रोडवरच्या पैसेवाल्यांची झाली, आमची नाही. पन्नास जण एकत्र असले की खर्च वाटला जातो, देणगीदार पण इमारतीला पैसे देतो, मदतनिसाच्या पगाराला कोणी देत नाही.

पाथर्डीफाटा_ताई

सातपूरकर दादा, हिशोब बरोबर आहे तुमचा, भाड्याचं ओझं पालकांवरच राहिलं तर हे चालणार नाही. म्हणूनच मी जमिनीऐवजी घरं मागायला चला म्हणते. त्याच कायद्याचं कलम 37 सांगतं की सरकारी घरवाटपात दिव्यांगांना 5 टक्के आरक्षण. नाशकात 4000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवर बिल्डरला 20 टक्के घरं अल्प उत्पन्नवाल्यांसाठी ठेवावी लागतात, ती म्हाडाच्या लॉटरीत जातात. त्यातली थोडी घरं नोंदणीकृत पालक संस्थेला नाममात्र भाड्याने द्या ही मागणी आपण कधी लेखी केलीय का?

सेक्रेटरी_इंदिरानगर

मी सोसायटी चालवतो म्हणून सांगतो. लोक दिव्यांगांना घाबरतात त्यापेक्षा "उद्या काही झालं तर फोन कोणाला करायचा" याला जास्त घाबरतात. पालक म्हातारे, संस्था लांब, मदतनीस दर दोन महिन्यांनी नवा. आमच्या कमिटीपुढे एक जबाबदार माणूस, त्याचा नंबर आणि करारावर संस्थेची सही ठेवा, मी स्वतः बाजू मांडीन. आणि म्हाडाचं बोलताय तर पालकत्वाचे कागद केलेत का? 18 नंतर आईबाप आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, राष्ट्रीय न्यास कायद्याखाली कलेक्टरांच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. त्याशिवाय तुमच्या मुलांच्या नावाने उद्या कोणता करार करणार?

सातपूरकर

हे मात्र आम्ही केलेलं नाही अजून. सोमवारी चौकशी करतो. पण ताई, म्हाडाची वाट बघत बसलो तर माझं वय निघून जाईल. रजनीताई लिमयांनी 1977 ला नाशकात प्रबोधिनी ही बौद्धिक दिव्यांग मुलांची शाळा काढली ती सरकार काही देईल म्हणून थांबून नाही. जमीन मिळतेय तर घेऊन टाका.

पाथर्डीफाटा_ताई

प्रबोधिनी भर शहरात आहे दादा, म्हणून पोरं रोज शाळेत गेली आणि संध्याकाळी घरी आली! पन्नास जणांचं केंद्र एकदा उभं राहिलं की ते भरायचं आणि चालवायचं यातच सगळा पैसा आणि माणसं जाणार, फ्लॅटचा विषय पुन्हा निघणार नाही.

गोदाकाठची_आई

रात्री तीनला फिट आली तर तुमच्या फ्लॅटमध्ये काय होणार तेवढं सांगा.

पाथर्डीफाटा_ताई

रात्रपाळीचा मदतनीस जागा असेल, त्याला फिटचं औषध द्यायचं शिकवलेलं असेल, आणि खालीच रिक्षा, जवळ हॉस्पिटल. त्र्यंबक रोडच्या जमिनीवरून शहरात यायला किती वेळ लागेल तो तुम्हीच धरा. तुमच्या मुलाला तळमजला, शेजाऱ्याच्या घराला लागून भिंत नसलेलं घर लागेल, दोघांतच राहावं लागेल, खर्च वाढेल, हे मान्य.

गोदाकाठची_आई

पटलं नाही मला. ट्रायलला माझ्या मुलाला पाठवणार नाही, केंद्रासाठी दिलेले पैसेही परत घेणार नाही. पण 20 टक्केवाल्या घरांचं पत्र लिहाल तेव्हा त्यात तळमजल्याची अट घाला, सही करते.