रस्त्यात कोणी जखमी पडलेला दिसला आणि आपण थांबलोच नाही, तर तो गुन्हा होतो का?

काल संध्याकाळी चाकणच्या पुढे एक बाईकवाला पडलेला, भोवती हीऽ गर्दी, निम्मे लोक व्हिडिओ काढतायत. मी १०८ ला फोन लावला तर सोबतचा मित्र म्हणे नाव सांगू नको, उद्या कोर्टाच्या चकरा मारशील. आता मला सांगा, नुसतं बघत उभं राहणाऱ्यांवर काही कलम आहे की नाही?

वकीलसाहेब_सातारा: नाही. वाटसरूने मदत केलीच पाहिजे असा सरसकट कायदा आपल्याकडे नाही. जबाबदारी आहे ती ड्रायव्हरवर, मोटार वाहन कायदा कलम १३४, ज्याच्या गाडीने अपघात झाला त्याने जखमीला उपचार मिळवून द्यायचेच. आणि डॉक्टरवर, १९८९ च्या परमानंद कटारा केसपासून, आधी उपचार मग पोलिसांचे कागद. तुमच्या मित्राची भीती जुनी आहे हो, २०१९ च्या दुरुस्तीत १३४अ आलं, मदत करणाऱ्याला नाव-पत्ता द्यायची सक्ती करता येत नाही, साक्षीदार व्हायचं की नाही तेही त्याच्यावर.

स्टुटगार्टकर: इकडे जर्मनीत उलटं आहे. कलम ३२३क, स्वतःला फारसा धोका नसताना मदत केली नाही तर दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद. २०१७ पासून मदत करणाऱ्यांच्या वाटेत आलात तरी तेच. पण मदत म्हणजे पाण्यात उडी मारा असं नाही, फोन केला तरी बऱ्याचदा भागतं. शिवाय लायसन्स काढायच्या आधी फर्स्ट एडचा कोर्स करावाच लागतो, त्यामुळे लोक गोंधळत नाहीत.

आज्जीचा_नातू: कागदावर सगळं झकास. मागे मी एकाला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं तर काउंटरवरच्या बाईंनी पहिला प्रश्न केला, तुम्ही कोण लागता यांचे, आणि डिपॉझिट कोण भरणार. मदत करणाऱ्याचे हक्क गेटवर मराठीत लावायचा नियम आहे म्हणे, तिथे तर फक्त पार्किंगचे रेट लावलेले.

मूळ प्रश्नकर्ता: बरं, पण हे १३४अ गाड्यांच्या अपघातापुरतंच ना? विहिरीत कोणी पडला तर?

वकीलसाहेब_सातारा: हो, तेवढ्यापुरतंच. विहिरीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३० बघा (जुनं आयपीसी ९२), माणूस बेशुद्ध असेल, संमती घेणं शक्य नसेल आणि तुम्ही चांगल्या हेतूने काही केलंत तर त्यात इजा झाली म्हणून सहसा गुन्हा होत नाही. पण काठावर उभा राहून बघणारा इथेही सुटतोच.