चिंपांझी ९८.८ टक्के आणि सख्खा भाऊ ५० टक्के?? हिशेब कुठे चुकतोय

घोडबंदरवाला:
मंडळी बावळट प्रश्न आहे, हसू नका. रविवारी पोराला (आठवीत आहे) घेऊन ठाण्याच्या येऊरच्या जंगलात गेलो होतो, गाडीतून उतरतोय तोच एका माकडाने त्याच्या हातातलं वेफर्सचं पाकीट हिसकावलं आणि वर फांदीवर बसून, दाताने कोपरा फाडून, एकेक वेफर काढून निवांत खात बसलं. पोरगा म्हणाला बाबा हा डिट्टो काकासारखा खातोय. मी पण मग वाचलेलं ठोकून दिलं की माणूस आणि चिंपांझीचा डीएनए ९८.८ टक्के सेम असतो. तर कार्टं म्हणतं, मिस तर म्हणाल्या सख्ख्या भावांचा ५० टक्केच सेम असतो, मग काका तुम्हाला चिंपांझीपेक्षा लांबचा का? मी गप्प. गुगल केलं तर कुठे ९६ कुठे ९९. संध्याकाळी परत विचारणारे तो, कोणीतरी वाचवा.

नौपाड्याची_मीनल:
दादा, बावळट अजिबात नाही, एमएस्सीला असताना आमच्या वर्गातही निम्म्यांना हे नीट सांगता आलं नव्हतं. ५० टक्के ही वाटणी आहे आणि ९८.८ हे शुद्धलेखन आहे, म्हणजे डीएनएची अक्षरं (ए, टी, जी, सी) एकेक करून ताडून बघणं. तुमच्या आईकडे प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती, एक तिच्या आईची एक वडलांची. तुम्हाला देताना तिने दोन्हीतले तुकडे जोडून एक प्रत दिली, भावाच्या वेळी वेगळे तुकडे जोडले गेले, वडलांकडूनही तसंच. दोघांच्या वाट्याला नेमका तोच तुकडा आला असं सरासरी निम्म्याच ठिकाणी होतं. पण जिथे वेगळा आला तिथेही लिहिलेलं जवळपास तेच असतं, कुठल्याही दोन माणसांत हजार अक्षरांमागे साधारण एक अक्षर वेगळं. म्हणजे अक्षरं मोजली तर भाऊ ९९.९ च्याही वर. चिंपांझीशी मात्र शंभरातच एकापेक्षा जास्त फरक. काका सेफ आहेत.

घोडबंदरवाला:
बायकोला वाचून दाखवलं, तिला रिझल्ट मान्य नाही 😄

खारघर_क्लासवाले_सर:
९६ पण बरोबर आहे बरं का. चिंपांझीचा जीनोम, म्हणजे डीएनएचा सगळा मजकूर, २००५ ला आला, तेव्हा जी अक्षरं समोरासमोर लावता आली त्यात साडेतीन कोटी वेगळी निघाली, तो हा १.२ टक्के. पण मधेमधे गाळलेले नाहीतर घुसडलेले तुकडे असतात ते धरले की फरक ४ टक्क्यांपर्यंत जातो. मला विचाराल तर टक्केवारीत काही दम नाही, नातं कळतं ते चुकांवरून. मी पेपर तपासतो, दोन पोरांनी बरोबर उत्तर सेम लिहिलं तर मी काही बोलत नाही, पण दोघांनी एकाच ओळीत ‘प्रकाशसंशेल्षण’ लिहिलं की बाक वेगळे करतो. व्हिटॅमिन सी बनवायचा जीन (जनुक) घ्या, गाय बकरी स्वतःच बनवतात, त्यांना लिंबू लागत नाही. आपला मोडलाय, चिंपांझीचा मोडलाय, येऊरच्या त्या चोराचा पण मोडलाय, आणि भंगारात पडलेल्या त्या जीनमधल्या कितीतरी चुका सारख्या आहेत. गिनीपिगचा पण मोडलाय पण वेगळ्या पद्धतीने, त्याने कॉपी नाही केली, स्वतःचं स्वतः चुकला.

शंकासुर_वाशी:
सर ते ठीक आहे पण चिंपांझी गोरिला ओरांगउटान सगळ्यांची गुणसूत्रं ४८ आणि आपली ४६, इथे तर नंबरच जुळत नाही. एक जोडी गेली कुठे?

नौपाड्याची_मीनल:
गेली नाही, जोडली गेली. गुणसूत्राच्या टोकाला टीटीएजीजीजी ही सहा अक्षरं परत परत येतात, ती टोकालाच असायला हवीत. आपल्या दोन नंबरच्या गुणसूत्रात ती चक्क आतमध्ये सापडतात, आणि एका जागेनंतर उलट्या दिशेने सुरू होतात. दोन लोकल तोंडाला तोंड लावून जोडल्या तर मोटरमनच्या केबिनी मधेच येतील ना, तसं. हे १९९१ ला छापून आलंय. शिवाय गुणसूत्राला कंबर (आवळलेली जागा) एकच असते, इथे दुसऱ्या कंबरेचे अवशेष पण आहेत.

शंकासुर_वाशी:
लोकलवालं पटलं.

खारघर_क्लासवाले_सर:
आणि दादा पोराला हेही सांगा की येऊरचं माकड म्हणजे चिंपांझी नव्हे. येऊरच्या माकडाच्याच जातकुळीतल्या ऱ्हीसस माकडाचा जीनोम २००७ ला वाचला, तो आपल्याशी साधारण ९३ टक्के जुळतो. काळ्या तोंडाचं वानर अजून वेगळं. चिंपांझीला शेपूट नसते, ही सोपी खूण.

घोडबंदरवाला:
सांगितलं सगळं. आता म्हणतो मग आपली शेपूट कोणी नेली 🤦

नौपाड्याची_मीनल:
आलूने! थट्टा नाही, त्या तुकड्याचं नावच आलू आहे. जीनोममध्ये स्वतःची कॉपी करत फिरणारे तुकडे असतात, आपल्यात याच्या दहा लाखांहून जास्त कॉप्या आहेत. त्यातली एक आपल्या आणि बिनशेपटीच्या एप्सच्या (चिंपांझी, गोरिला वगैरे) पूर्वजात टीबीएक्सटी या शेपटीशी संबंधित जीनमध्ये जाऊन बसली. तिचा परिणाम उंदरांत करून बघितला तर काहींची शेपूट आखूड झाली, काहींची आलीच नाही. २०२४ चा पेपर आहे.

घोडबंदरवाला:
म्हणजे त्या माकडाने आमचा आलू नेला आणि शेपूट पण त्याच्याकडेच. वा.