एचसीपीसी रिन्यूअल + सीपीडी ऑडिट, मध्ये मोठी गॅप आहे, काय करू?

सातारची_लेक
नमस्कार मंडळी, मी इंग्लंडात लेस्टरला पोडियाट्रिस्ट (पायांच्या आजारांवर उपचार करणारी) आहे, डिग्री तिकडेच केली, २०१९ ला एचसीपीसीत (आमच्यासारख्या आरोग्य व्यावसायिकांची नोंदणी ठेवणारी तिकडची संस्था) रजिस्टर झाले आणि तेव्हापासून डायबेटिक फूट क्लिनिकमध्येच होते. नोव्हेंबर २०२४ ला मॅटर्निटी लीव्हवर गेले, मग सासूबाईंचं आजारपण निघालं म्हणून लीव्ह संपल्यावर करिअर ब्रेक घेतला आणि बाळाला घेऊन साताऱ्याला आले ती अजून इथेच आहे, सप्टेंबरमध्ये परत जायचंय. आता दर दोन वर्षांनी होणाऱ्या रिन्यूअलची मेल आलीय, ३१ जुलै २०२६ शेवटची तारीख, आणि नेमकं माझं नाव सीपीडीच्या, म्हणजे नोंदणीनंतरही चालू ठेवायच्या शिकण्याच्या, ऑडिटला लागलंय. दोन रात्री झोप नाही.

एक तर ते डिक्लेरेशन, मागच्या रिन्यूअलपासून प्रॅक्टिस चालू आहे असं टिक करायचं असतं, माझे तर त्यातले जेमतेम तीन-चार महिनेच भरतात, मग ते खोटं ठरेल का? दुसरं म्हणजे सीपीडी. बाळ झोपल्यावर रात्री पाहिलेले चार-पाच वेबिनार, त्यातल्या दोघांचीच सर्टिफिकेटं. इथे एक गोष्ट मात्र घडली. शेजारचे आजोबा, बारा वर्षं शुगर, अंगठ्याच्या मागे तळव्याला भोवरी झालेली आणि ती ते दाढीच्या ब्लेडने स्वतःच तासायचे. मी त्यांना डोळे मिटायला सांगितले, दोन्ही पायांची पहिली, तिसरी, पाचवी बोटं माझ्या बोटाने हलकेच टेकून विचारलं, सहापैकी चार ठिकाणी त्यांना काही कळलंच नाही. ट्रीटमेंट काही केली नाही, मुलाला समजावून डॉक्टरकडे पाठवलं. हे असलं काही लिहायचं असतं का, की हसतील?

भोवरी_ते_बायोमेकॅनिक्स
अगं ताई, आधी शांत हो. डिक्लेरेशनमध्ये दोनही वर्षं सलग काम केलं असं कुठेच म्हणवून घेत नाहीत, तू ऑगस्ट ते नोव्हेंबर २०२४ क्लिनिकमध्ये पेशंट बघितलेस ना, मग टिक खरीच आहे. प्रॅक्टिसमधून बाहेर राहून दोन वर्षं झाली की मगच रिटर्न टू प्रॅक्टिसचे नियम लागतात, दोन ते पाच वर्षांच्या गॅपला ३० दिवस आणि पाचच्या वर ६० दिवस अपडेटिंग, म्हणजे ज्ञान-कौशल्य पुन्हा ताजं करणं. तुझी सप्टेंबरपर्यंत दोन वर्षं भरत नाहीत. पण जायचं पुढे ढकलू नकोस एवढंच सांगेन.

आता ऑडिट. मी २०२४ ला सापडलो होतो आणि मीही हीच चूक करत होतो, सर्टिफिकेटं मोजत बसलो. एचसीपीसीला तास नकोत, पॉइंट नकोत, त्यांचे पाच स्टँडर्ड्स आहेत आणि सगळ्यात वजनदार दोन म्हणजे तुझ्या शिकण्याने कामाचा दर्जा कसा सुधारला आणि पेशंटला काय फायदा झाला. ऑडिटला जे प्रोफाइल लिहून पाठवायचं असतं, त्यात माझ्या पहिल्या ड्राफ्टला अकरा कोर्सेसची नावं होती आणि पेशंट एकही नव्हता. सगळं खोडलं आणि नख रुतलेल्या एका मुलाच्या सर्जरीनंतरचं ड्रेसिंग मी का बदललं, आधी काय करत होतो, काय वाचलं आणि त्यानंतर किती जण पुन्हा दाखवायला आले, यावरच दोन पानं लिहिली. पास झालो, एक शब्द परत विचारला नाही.

आजोबांची केस लिहायलाच पाहिजे! ती इप्सविच टच टेस्ट आहे, मोनोफिलामेंट (पायाची संवेदना तपासायचा नायलॉनचा धागा) हाताशी नसताना बोटाने करता येते, सहापैकी दोन जागी कळलं नाही तरी संवेदना कमी झालीय असं धरतात. तिथे साताऱ्यात बसून तू ती का वापरलीस, परत गेल्यावर ज्या पेशंटला क्लिनिकला येणं जमत नाही त्यांच्या घरच्यांना शिकवशील का, हे लिही. त्यात शिकणं आहे.

नॉटिंगहॅमकर
+१. आणि गॅप लपवू नका प्लीज. सीपीडीची तारखांसकट यादी द्यावी लागते त्यात तीन महिन्यांच्या वर काही नसेल तर कारण लिहायचं असतं, मॅटर्निटी लीव्ह, घरचं आजारपण, सरळ तारखा घालून लिहा, असेसर्समध्ये निदान एक जण आपल्याच प्रोफेशनचा असतो, त्यांनाही घरं आहेत. अगदीच झेपत नसेल तर पुराव्यासकट डिफरल (ऑडिट पुढे ढकलणं) मागता येतं, पण मग पुढच्या रिन्यूअलला २०२८ मध्ये ऑडिट ठरलेलंच, म्हणून मी तरी म्हणेन आताच उरका.

अजून एक, माझ्या जिवावर बेतलेलं सांगते. नोकरी बदलली तेव्हा एचसीपीसीच्या अकाउंटला जुन्या नोकरीचाच ईमेल राहिला, रिन्यूअलच्या मेल्स तिकडेच गेल्या, आणि एका सोमवारी सकाळी मॅनेजरने बाजूला बोलावून सांगितलं की रजिस्टरवर तुझं नाव दिसत नाहीये. पोडियाट्रिस्ट हे टायटल कायद्याने राखीव आहे, नाव गेलं की त्या नावाने एकाही पायाला हात लावायचा नाही. त्या दिवशीचे माझे नऊ पेशंट, त्यात एक आजी दर पंधरा दिवसांनी टाचेच्या अल्सरचं ड्रेसिंग बदलायला यायच्या, त्यांना रिसेप्शनवरून परत पाठवताना मी आत बसून होते. परत रजिस्टर व्हायला लागले ते दिवस मी विसरणार नाही. तेव्हा ताई, ईमेल, पत्ता आणि डायरेक्ट डेबिटचं बँक अकाउंट चालू आहे का ते आजच बघा, भारतात असताना तिकडचं अकाउंट बंद केलेलं असतं पुष्कळ लोकांनी.

मेलबर्नचा_पोड्या
इथे ऑस्ट्रेलियात वेगळं आहे, दरवर्षी ३० नोव्हेंबरला रिन्यूअल आणि वर्षाला २० तास सीपीडी मोजून. एखादी मैत्रीण इथली असेल आणि ती तासांचा हिशोब सांगत असेल तर तुम्ही घाबरू नका, तो नियम तुमचा नाही.

सातारची_लेक
खरंच मनापासून थँक्यू सगळ्यांना. नॉटिंगहॅमकर ताई, तुमचं वाचून लगेच लॉगिन केलं, ईमेल जुना हॉस्पिटलचाच होता!! माझी मेल पाहिली ती एका कलीगने फॉरवर्ड केली म्हणून. आता बदलला. आजोबांचं आज रात्री लिहायला घेते. त्यांचा पायाचा फोटो काढलाय मी, तो लावू का पुरावा म्हणून?

भोवरी_ते_बायोमेकॅनिक्स
फोटो नको. आजोबांचं नाव, गाव, चेहरा, ओळख पटेल असं काहीच नको, "सत्तरीतले मधुमेही गृहस्थ" एवढं पुरे. पुरावा म्हणून तू त्याच आठवड्यात लिहिलेलं रिफ्लेक्शन (त्यातून काय शिकलीस ते) आणि जे वाचलंस त्याच्या नोट्स चालतात. आणि मेन स्टेटमेंट १५०० शब्दांत बसव, वर प्रॅक्टिसची समरी ५०० ची वेगळी असते. ड्राफ्ट झाला की इनबॉक्स कर, रविवारी वाचतो. आणि आजोबांना ते ब्लेड टाकून द्यायला लाव आधी.