जुने फिल्म कॅमेरे: घेताना, उघडताना, सांभाळताना

जुना कॅमेरा संग्रहात यावा तो चालू स्थितीत यावा, निदान चालू करता येईल असा असावा. रोल घालून फोटो निघत नसेल तर तो नुसता कपाटातला डबा. म्हणून पुण्यातल्या जाणकारांना विनंती: घेताना काय तपासता, घरी काय दुरुस्त करता, पावसाळ्यात कसं जपता, ते मॉडेल, माप आणि सेलच्या नंबरासकट लिहा. आलेली उत्तरं लिहिणाऱ्याच्या भागाच्या नावाखाली दिली आहेत.

मंगळवार पेठ

जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. जाताना लहान एलईडी टॉर्च, दोन एलआर ४४ बटणसेल आणि सेलचं झाकण उघडायला एक नाणं खिशात असू द्या.

आधी मागचं झाकण उघडा. शटर 'बी'वर (बटण दाबलेलं असेपर्यंत उघडं राहतं) ठेवा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, बटण दाबून धरा आणि मागून तिरकी टॉर्च मारा. धूळ दिसली तर हरकत नाही. कोळिष्टकासारखे धागे दिसले तर बुरशी. सगळीकडे दुधाळ झाक असेल तर आतल्या तेलाची वाफ काचेवर बसलेली असते, आणि ती बहुतेक वेळा पुसून निघते. काचेच्या कडेला इंद्रधनुषी डाग असेल तर दोन काचांमधला डिंक सुटलाय, तो घरी जुळत नाही; असा कॅमेरा सोडून द्या.

मग एक सेकंदाचं शटर मारा आणि कान द्या. मध्येच अडखळलं तर मंद गतीची चक्रं वंगण सुकून चिकटली आहेत. कापडी पडद्याचा एसएलआर (आरशावरून लेन्समधूनच बघायचा कॅमेरा) असेल तर लेन्स काढा, शटर न दाबता आरसा बोटाने हलकेच वर उचला आणि मागून पडद्यावर टॉर्च धरून पुढून बघा. टाचणीएवढी भोकं अशी सापडतात.

नवख्यांनी आग्फा क्लिक-थ्रीपासून सुरुवात करावी. वडोदऱ्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवलेला हा कॅमेरा १२० चा रोल घेतो, त्यावर ६ × ६ सेंमीचे बारा फोटो येतात. आग्फाच्याच आयसोलीत त्याच रोलवर ४ × ४ चे सोळा. १२० चे रोल आजही मिळतात. कोडॅकचे बरेच जुने डबे मात्र ६२० चे असतात. फिल्मची रुंदी तीच, रीळ बारीक. पूर्ण अंधारात १२० ची फिल्म ६२० च्या रिळावर गुंडाळून घ्यावी लागते, म्हणून रिकामं रीळ आत आहे का ते बघूनच भाव करा.

सदाशिव पेठ

मॉडेलागणिक दुखणी ठरलेली असतात, ती आधी माहीत असली की पैसे वाचतात.

याशिका इलेक्ट्रो ३५: फिल्म पुढे ओढताना दांडीच्या शेवटाकडे 'टक्' असा आवाज यायला हवा. नाही आला तर आतला रबराचा तुकडा झिजलाय आणि उजेडाचं मीटर भलतंच दाखवणार. सेल नसेल तर शटर १/५०० वरच चालतं, त्यामुळे बिनसेलाचा 'चालू' कॅमेरा म्हणजे काहीच सिद्ध होत नाही.

ऑलिंपस ट्रिप ३५ ला सेल लागत नाही. 'ए'वर ठेवून लेन्स हाताने झाका आणि बटण दाबा. खिडकीत लाल पट्टी वर यायला हवी, शटर अडायला हवं. उजेडाकडे धरल्यावर सुटलं पाहिजे. उन्हातही लाल पट्टीच येत असेल तर उजेड मोजणारं सेलेनियम मेलंय.

कॅनन एई-१ चं शटर मारताना किंकाळीसारखा आवाज आला तर घाबरू नका. दोष शटरचा नसतो, आरशाच्या चक्राचं वंगण सुकलेलं असतं. थेंबभर तेलाचं काम आहे, पण ते जागेवरच पडायला हवं.

झोर्की आणि फेड या रशियन कॅमेऱ्यांत शटरची गती फिल्म ओढल्यानंतरच बदला. आधी फिरवली तर आतली पिन मोडू शकते. आणि लेन्स उघडी ठेवून उन्हाकडे तोंड करून ठेवू नका. पडद्याला जळून भोक पडतं.

कोथरूड

१९७०-८० च्या दशकांतल्या जपानी कॅमेऱ्यांतला उजेड अडवणारा फोम, म्हणजे लाइट सील, आज हमखास डांबर झालेला असतो. तो बदलायला संध्याकाळ पुरते.

लाकडी टूथपिक आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने जुना फोम खरवडा. कॅमेरा उलटा धरून काम करा, म्हणजे चुरा शटरच्या पडद्यावर पडणार नाही. फोकसिंग स्क्रीनला अल्कोहोल लागता कामा नये, प्लॅस्टिक कायमचं धुरकट होतं. नवा फोम खाचेत साधारण दीड मिलिमीटर, बिजागरीपाशी दोन, आरशाच्या वर दोन ते अडीच. जाड फोम घातला तर मागचं झाकण लागत नाही किंवा आरसा पूर्ण वर जात नाही. अरुंद खाचांत काळी लोकर बसवली तरी उजेड अडतो, आणि ती कधी चिकट होत नाही; मला फोमपेक्षा तीच पसंत आहे.

औंध

बुरशीबद्दल सविस्तर लिहितो, कारण पुण्यात कॅमेरे मरतात ते जून ते सप्टेंबरमध्येच.

हवेतली आर्द्रता बराच काळ ६०-६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते. पहिला शत्रू कातडी केस. ती ओल धरून ठेवते, म्हणून केस वेगळी आणि कॅमेरा वेगळा. तांदळाच्या पुरचुंडीने भागत नाही. रबरी कडेचा हवाबंद डबा घ्या. वीस लिटरच्या डब्याला २०० ते २५० ग्रॅम सिलिका जेल पुरतं. आत तपकीर गल्लीत मिळतो तसला छोटा आर्द्रतामापक ठेवा आणि काटा ४० ते ५० मध्ये राखा. फार कोरडंही नको, वंगण आणि कातडं सुकतं. नारिंगी दाणे हिरवे झाले की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरा. डबा पावसाआधी, कोरड्या दिवशीच भरा.

बुरशी धरलीच असेल तर तीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनिया समसमान, लागेल तेवढंच, खिडकी उघडी ठेवून आणि हातमोजे घालून मिसळा. बाटलीत बंद करू नका, वायू सुटतो. बोळा काचेवर हलकेच ठेवा, घासू नका. काच काढताना तिची पुढची बाजू पेन्सिलने खुणावून ठेवा. फोकसच्या रिंगचे आटे सोडवणार असाल तर ते नेमके कुठे सुटले तिथे खूण करा, नाहीतर दूरचं कधीच स्पष्ट दिसणार नाही. इतकं करूनही पिसासारखे व्रण राहिले तर बुरशीने कोटिंग खाल्लंय, पुढे घासण्यात अर्थ नाही.

हडपसर

सेलचं राहिलं. कॅनोनेट, याशिका मॅट १२४ जी यांना १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल लागायचा, तो आता बनत नाही. दीड व्होल्टचा घातला तर काटा उजेड जास्त दाखवतो आणि निगेटिव्ह फिकी येते. श्रवणयंत्राचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल १.४ व्होल्ट देतो. भोवती रबरी रिंग बसवली की जागेवर राहतो. त्याला हवा लागते, आणि चिकटपट्टी काढल्यावर काही आठवडेच टिकतो. पेंटॅक्स स्पॉटमॅटिकच्या मीटरला व्होल्टेजचा हा फरक बाधत नाही, त्यात साधा सेल चालतो.

कर्वेनगर

पहिला रोल कृष्णधवल घाला. इल्फर्ड एचपी ५ प्लस फिल्म, डी-७६ डेव्हलपर न पातळ करता, २० अंशांवर साडेसात मिनिटं. एप्रिल-मेमध्ये आपल्या नळाचं पाणीच तापलेलं असतं, तेव्हा रसायनांच्या बाटल्या बर्फाच्या पाण्याच्या टपात ठेवा. बर्फ रसायनात टाकू नका.

निगेटिव्ह नीट वाचली तर कॅमेऱ्याचं दुखणं कळतं. काळा पट्टा भोकांच्या पट्टीपर्यंत पसरला असेल तर उजेड मागच्या झाकणातून येतोय. काळा डाग फ्रेमच्या आतच थांबत असेल तर पडद्यात किंवा घडीच्या कॅमेऱ्याच्या भात्यात भोक आहे. १/१००० ला एक कड फिकी येत असेल तर पडद्यांचा ताण बिघडलाय. फ्रेम एकमेकींवर चढल्या असतील तर ओढणीची चक्रं बघा. आणि रोल अगदी कोरा निघाला तर कडेचे आकडे शोधा. आकडे आले असतील तर धुलाई ठीक आहे, फिल्म ओढलीच गेली नाही किंवा शटर उघडलं नाही. आकडेही नसतील तर चूक रसायनांची, कॅमेरा उघडू नका.